पत्ता आपला, वाट परक्याची

परदेशात नोकरीस असलेला मुलगा घरी पैसे पाठवू लागला की खाते क्रमांकाच्या पाठोपाठ आठ किंवा अकरा अक्षरांची एक मालिका मागतो. पासबुकावर ती बहुधा छापलेली नसते. मग शाखेत जाऊन ती कागदावर उतरवून आणावी लागते. एखादे अक्षर चुकले तर रक्कम कुठे तरी अडकून पडते आणि अनेक दिवसांनी पाठवणाऱ्याकडे परत जाते. मधल्या बँका आपले शुल्क कापून घेतात ते वेगळेच. मध्यमवर्गीय घरांत ‘स्विफ्ट कोड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेविषयीचे कुतूहल बहुधा येथेच संपते. पैसे आले, विषय मिटला. वास्तविक या मूठभर अक्षरांच्या आड एक विराट जागतिक व्यवस्था उभी आहे, आणि राष्ट्राचे स्वातंत्र्य नेमके कशाला म्हणायचे हा जुना प्रश्न तिने गेल्या दीड दशकात नव्याने पुढे आणला आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत त्यातला सर्वाधिक, म्हणजे सुमारे एकपंचमांश वाटा महाराष्ट्रात आल्याचे दिसले. ज्या वाटेने हा ओघ येतो ती वाट कोणाच्या मालकीची आहे, याची विचारपूस म्हणूनच अगत्याची ठरते.

हा संकेतांक म्हणजे बँकेचा जागतिक पत्ता. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, त्यापुढची दोन ठिकाणाची आणि हवी असल्यास शेवटची तीन शाखेची, अशी त्याची रचना असते. स्टेट बँकेचा संकेतांक ‘एसबीआयएन-आयएन-बीबी’ असा आहे. त्यातले मधले ‘आयएन’ म्हणजे भारत. ही रचना आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ९३६२ क्रमांकाच्या मानकानुसार ठरलेली असून संकेतांकांच्या नोंदणीचे काम ‘स्विफ्ट’ ही संस्था पाहते. देशांतर्गत व्यवहारांत वापरला जाणारा आयएफएससी संकेतांक मात्र वेगळा. तोही अकरा अक्षरांचाच. पण त्यातली पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि उरलेली सहा शाखेची असतात. तो रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेतला, म्हणजे आपल्या घरचा आहे. पासबुकावर सहज सापडणारा संकेतांक घरचा आणि शाखेत जाऊन विचारावा लागणारा बाहेरचा, एवढा भेद ध्यानात आला तरी पुढचे सारे समजणे सोपे जाते.

स्विफ्टची स्थापना १९७३ मध्ये ब्रुसेल्स येथे झाली. १५ देशांतील २३९ बँकांनी एकत्र येऊन बेल्जियमच्या कायद्यानुसार ही सहकारी संस्था उभारली आणि १९७७ मध्ये तिचे काम प्रत्यक्ष सुरू झाले. त्यापूर्वी बँका एकमेकींना टेलेक्सवर आज्ञा पाठवत. प्रत्येक संदेश खरा की खोटा हे गुप्त आकड्यांच्या आकडेमोडीने पडताळावे लागे. चुका होत, विलंब होई. स्विफ्टने संदेशांना एकच ठरलेला साचा दिला, पाठवणाऱ्याची ओळख पक्की केली आणि अक्षरशः जगाचा व्यापार सुकर केला. आज दोनशेहून अधिक देशांतील अकरा हजारांवर संस्था या जाळ्यात आहेत. हे यश मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. सहकाराच्या भूमीत वाढलेल्या मराठी माणसाला तर परस्परांच्या गरजेतून बँकांनी उभारलेल्या या संस्थेचे कौतुकच वाटावे.

परंतु येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. स्विफ्टमधून पैसा जात नाही; जाते ती केवळ आज्ञा. मूळ कल्पना भारतीयांना नवी नाही. अठराव्या शतकात उत्तरेतून गोळा झालेला वसूल पुण्याला पोहोचवायचा तर रुपयांच्या थैल्या बैलांवर लादून शेकडो कोस नेणे धोक्याचे होते. सावकारांच्या पेढ्यांवर हुंडी लिहून दिली जाई आणि दूरच्या शहरातला आडत्या ती वटवून रोख रक्कम देई. दाखवताक्षणी वटणारी ती दर्शनी हुंडी. प्रतिष्ठित व ओळखीच्या असामीलाच देय असलेली ती शहाजोग हुंडी. या सेवेच्या मोबदल्याला हुंडणावळ हा नेमका शब्द मराठीत रूढ होता. कागद प्रवास करी, पैसा ज्या त्या गावीच असे, आणि पेढ्यांचे हिशेब मागाहून मिटत. आजची व्यवस्था याच तत्त्वावर चालते. भारतीय बँकेने न्यूयॉर्कच्या बँकेत डॉलरचे खाते उघडून ठेवलेले असते. संदेश आला की तेथल्या तेथे खात्यांत जमा-नावे होते आणि येथे ग्राहकाच्या खात्यावर रुपये पडतात. भेद इतकाच, की हुंडीच्या काळी पेढ्या अनेक होत्या आणि वाटाही अनेक होत्या. एक पेढी रुसली तर दुसरीकडे जाता येई. आज संदेशाची हमरस्त्याएवढी वाट एक आहे आणि ज्या नाण्यात हिशेब मिटतो ते नाणे प्रामुख्याने एकाच राष्ट्राचे आहे.

ही वाट तटस्थ आहे असे प्रदीर्घ काळ मानले गेले. त्या समजाला पहिला तडा २००६ मध्ये गेला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या अर्थखात्याने कायदेशीर आदेश बजावून स्विफ्टकडील व्यवहारांची माहिती वर्षानुवर्षे मिळवली होती, हे त्या वर्षी अमेरिकी वृत्तपत्रांनी उघड केले. दहशतवाद्यांच्या पैशाचा माग काढणे हा हेतू योग्यच होता; दहशतवादाचे घाव सोसलेल्या भारताला तो समजू शकतो. पण आपल्या नागरिकांचे व्यवहार आपल्या नकळत दुसऱ्या देशाच्या खात्यात वाचले गेले, हे पाहून अमेरिकेची मित्र असलेली युरोपीय राष्ट्रेही अस्वस्थ झाली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये नवे केंद्र उभारून युरोपांतर्गत संदेश युरोपातच ठेवण्याची सोय करण्यात आली आणि २०१० मध्ये युरोपीय संघ व अमेरिका यांच्यात याविषयी रीतसर करार झाला. युरोपाने तक्रार केली, वाटाघाटी केल्या आणि आपला बंदोबस्त करून घेतला. मित्राच्या घरातही आपल्या पेटीला आपलेच कुलूप असावे, हा व्यवहार त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

दुसरा तडा अधिक खोल होता. मार्च २०१२ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनुसार इराणच्या बँका स्विफ्टमधून तोडण्यात आल्या. भांडण इराण आणि पाश्चात्त्य राष्ट्रांचे. पण त्याची झळ भारतालाही लागली, कारण इराण हा त्या वेळी आपला मोठा तेलपुरवठादार होता. अडचण तर त्याआधीच सुरू झाली होती. डिसेंबर २०१० मध्ये आशियाई समाशोधन संघाच्या मार्गाने इराणशी हिशेब मिटवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने बंद केली. मग जर्मनीतील एका बँकेतून, पुढे तुर्कस्तानातील एका बँकेतून पैसे पाठवण्याची खटपट झाली. त्या वाटाही एकामागून एक आक्रसल्या. अखेर २०१२ मध्ये तेलाच्या किमतीपैकी ४५ टक्के रक्कम कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत जमा करण्याची तोड निघाली. इराणने त्या रुपयांतून भारतीय तांदूळ, चहा, औषधे घ्यावीत अशी योजना होती आणि ती बऱ्याच अंशी चाललीही. उरलेल्या रकमेची थकबाकी मात्र अब्जावधी डॉलरवर गेली आणि २०१६ मध्ये निर्बंध सैल झाल्यावरच ती चुकती करता आली. तेल विकत घेणारा तयार, विकणारा तयार, पैसाही तयार. अडत होते ते केवळ पैसा पोहोचवण्याच्या वाटेवर. नोव्हेंबर २०१८ मध्ये इराणच्या बँकांवर पुन्हा तीच पाळी आली आणि मे २०१९ मध्ये अमेरिकेची सवलत संपताच भारताने इराणी तेल घेणे थांबवले.

तिसरा प्रसंग सर्वांच्या स्मरणात ताजा आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रशियाच्या सात बँका स्विफ्टबाहेर काढण्यात आल्या. जूनमध्ये त्या देशाची सर्वांत मोठी बँकही त्यात आली. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशांत ठेवलेली सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवण्यात आली. रशियाची कृती योग्य की अयोग्य, हा प्रश्न येथे नाही. निर्बंध लादणाऱ्यांची बाजू न्यायाची आहे असे मानले तरी एक गोष्ट उरतेच. बँकांच्या सोयीसाठी निघालेली व्यवस्था शस्त्र म्हणून वापरता येते, हे आता सिद्ध झाले आहे. आणि शस्त्र एकदा हाती चालले की ते पुन्हा उचलताना हात फारसा अडखळत नाही. स्विफ्टचे म्हणणे असे, की ती स्वतः तटस्थ आहे, परंतु बेल्जियममधील संस्था म्हणून युरोपचा कायदा पाळणे तिला भाग आहे. हे म्हणणे खरे आहे. आणि ते खरे आहे म्हणूनच चिंतेचे आहे. ज्या कायद्याच्या घडणीत भारताचे मत नाही, त्या कायद्याच्या अधीन असलेल्या वाटेने भारताचा व्यापार चालतो. स्विफ्टवर देखरेख बेल्जियमच्या मध्यवर्ती बँकेची आणि तिच्यासोबत प्रमुख पाश्चात्त्य राष्ट्रांच्या व जपानच्या मध्यवर्ती बँकांची असते. २०१२ पासून विचारविनिमयाच्या विस्तारित मंचावर रिझर्व्ह बँकेला स्थान मिळाले आहे; पण ओसरीवर बसायला मिळणे आणि माजघरात निर्णय घेणे यांत अंतर असतेच.

भारतावर अशी वेळ कशाला येईल, असे विचारणाऱ्यांनी १९९८ चे स्मरण करावे. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिका, जपान आदी राष्ट्रांनी कर्जे व साहाय्य रोखून धरले. त्या ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने ‘रिसर्जंट इंडिया बाँड’ काढले आणि परदेशस्थ भारतीयांनी चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम त्यांत घातली. देशाची निकड ओळखून समाजाने दिलेला तो प्रतिसाद अभिमानास्पद होता. पण जरा खोलात जाऊन विचार करावा. ते डॉलर भारतात आले, कारण पैसा येण्याची वाट त्या वेळी उघडी होती. कर्ज अडवण्यात आले होते, वाट नव्हे. उद्या अशीच एखादी कसोटीची घटिका आली आणि वाटच अडवली गेली, तर समाजाच्या मनातील भावना कितीही उत्कट असली तरी ती खात्यावर कशी उमटणार?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर भारताने गाजावाजा न करता, वेळेवर शोधून ठेवले आहे, ही समाधानाची बाब होय. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये हैदराबाद येथे बँकिंग तंत्रज्ञानाची संशोधन संस्था स्थापन केली. त्या संस्थेने घडवलेली ‘एसएफएमएस’ ही सुरक्षित संदेशप्रणाली डिसेंबर २००१ मध्ये कार्यान्वित झाली. स्विफ्ट जे काम जगात करते तेच काम देशाच्या सीमेत करणारी ही स्वदेशी वाट. तिच्या आधाराने २००४ मध्ये आरटीजीएस आणि २००५ मध्ये एनईएफटी आली. पुढे २०१२ मध्ये रुपे कार्ड आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. परिणाम असा, की जगाशी असलेला दुवा कोणी तोडला तरी पुण्याहून नागपूरला जाणारे निवृत्तिवेतन थांबणार नाही, मंडईतल्या भाजीवाल्याचे व्यवहार थांबणार नाहीत. या दूरदृष्टीचे मोल रशियाच्या उदाहरणाने कळते. २०१४ मध्ये अमेरिकी कार्ड कंपन्यांनी काही रशियन बँकांची कार्डे एकाएकी बंद केल्यावर त्या देशाने देशांतर्गत व्यवहारांची स्वतःची यंत्रणा उभारली. म्हणून २०२२ मध्ये त्या कंपन्या निघून गेल्या तरी रशियातील दुकानांत कार्डे चालत राहिली. भारताने ही तजवीज ठेच लागण्यापूर्वीच केली. ज्या अभियंत्यांनी आणि बँक अधिकाऱ्यांनी हे काम केले त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांचे काम मात्र सीमेवर उभारलेल्या चौकीच्या तोडीचे आहे.

उरलेले अर्धे उत्तर कठीण आहे. सीमेपलीकडे पैसा नेताना केवळ आपली संदेशप्रणाली पुरत नाही. समोरच्याला आपले नाणे हवे असावे लागते. ११ जुलै २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने आयात-निर्यातीचे हिशेब रुपयांत मिटवण्याची चौकट घालून दिली. परदेशी बँकांनी भारतीय बँकांत रुपयांची विशेष खाती उघडावी, त्यांत आयातीची किंमत जमा व्हावी आणि निर्यातीचे मोल त्यांतूनच चुकते व्हावे, अशी ही योजना. दिशा अचूक होती, पण अनुभवाने एक धडा दिला. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. तेथे रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी जाहीरपणे सांगितले, की भारतीय बँकांत त्यांचे अब्जावधी रुपये साठले आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. भारताने रशियाकडून अमाप तेल घेतले. रशियाने भारताकडून घेण्याजोग्या वस्तू तुलनेने थोड्या निघाल्या. साठलेले रुपये भारत सरकारच्या रोख्यांत गुंतवण्याची मुभा होती, परंतु त्याने मूळ असमतोल मिटत नाही. वाट बांधली म्हणून बाजार भरत नाही. रुपयाला जगात मान मिळेल तो परिपत्रकाने नव्हे. भारताच्या कारखान्यांत, शेतांत आणि प्रयोगशाळांत तयार झालेली वस्तू जगाला हवीहवीशी वाटेल, तेव्हाच तो मिळेल.

तरीही पावले पडत आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय आणि सिंगापूरची पे-नाऊ प्रणाली जोडली गेली. तेथील भारतीय आता संकेतांकांच्या खटाटोपाशिवाय, मोबाइलवरून मर्यादित रक्कम घरी पाठवू शकतो. जुलै २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातींशी आपापल्या चलनांत व्यवहार करण्याचा आणि पैसे पाठवण्याच्या प्रणाली जोडण्याचा करार झाला आणि पुढच्याच महिन्यात अबुधाबीच्या तेलाची काही किंमत रुपयांत चुकती झाली. या गोष्टी आकाराने लहान आहेत. पण जुन्या हुंडीव्यवस्थेचे बळ अनेक पेढ्यांत आणि अनेक वाटांत होते, तसेच या नव्या जोडण्यांचे बळ त्यांच्या अनेकत्वात असणार आहे. येथे एका मोहापासून सावध राहावे लागेल. चीनने २०१५ मध्ये आपली स्वतंत्र यंत्रणा सुरू केली असून तिच्यात सामील होण्याची निमंत्रणे जगभर फिरत आहेत. पश्चिमेच्या दारातून निघून उत्तरेच्या दारात उभे राहणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. धनी बदलला म्हणून चाकरी सुटत नाही.

दुसरा मोह असतो तो त्राग्याचा. स्विफ्ट सोडून द्यावी, असे आवेशाने म्हणणे सोपे आहे. तसे करणे म्हणजे आपल्याच निर्यातदारांची आणि परदेशी राबणाऱ्या आपल्याच मुलांची वाट बंद करणे होय. शिवाय खरा लगाम संदेशाच्या तारेत नाही, डॉलरच्या खात्यात आहे. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा या बलाढ्य बँकेला अमेरिकेने सुमारे ८.९ अब्ज डॉलरचा दंड केला. निर्बंध असलेल्या देशांचे डॉलरमधील व्यवहार तिने केले, हा ठपका होता. बँक फ्रान्सची होती, पण डॉलरचा हिशेब न्यूयॉर्कमध्ये मिटत होता, एवढे पुरेसे ठरले. तेव्हा शहाणपण असे सांगते, की हमरस्ता वापरत राहावे, त्याचे नियम पाळावे, आणि त्याच वेळी शांतपणे, सातत्याने आडवाटा तयार ठेवाव्या. संकट नसतानाच्या काळात केलेली तयारीच संकटात उपयोगी पडते.

परकी वाट केव्हा तरी अडवली जाईल याची चिंता वाहताना आपल्याच घराचे दार उघडे तर नाही ना, हेही पाहावे लागेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरून चोरांनी तिच्याच नावाने न्यूयॉर्कला सुमारे ९५ कोटी डॉलरच्या आज्ञा धाडल्या. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोहोचून नाहीसे झाले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी केवळ ‘फाउंडेशन’ या शब्दातील अक्षरचुकीमुळे वाचले. स्विफ्टचा हमरस्ता फुटला नव्हता. बँकेच्या स्वतःच्या यंत्रांची राखण ढिली होती. भारतातही हेच दिसले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतील घोटाळा उघड झाला. बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत कोणतीही नोंद न करता स्विफ्टवरून हमीपत्रे धाडली जात होती आणि वर्षानुवर्षे कोणाला त्याचा पत्ता नव्हता. प्रारंभी सांगितला गेलेला आकडाच ११,४०० कोटी रुपयांचा होता. दोन्ही प्रणाली जोडा, असे रिझर्व्ह बँक २०१६ पासून बजावत होती. तरी मार्च २०१९ मध्ये स्विफ्टविषयक आदेश न पाळल्याबद्दल ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड करावा लागला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर संगणकीय दरोडा पडला. एकूण ९४ कोटींपैकी जवळजवळ १४ कोटी रुपये स्विफ्टच्या खोट्या संदेशाने हाँगकाँगला गेले. या तीनही प्रसंगांत कोणत्याही महासत्तेचा हात दाखवून मोकळे होता येणार नाही. तेथे कमी पडली ती शिस्त. संध्याकाळी वही जुळवल्याशिवाय पेढी बंद न करणाऱ्या जुन्या गुमास्त्याची शिस्त.

स्वदेशीचा विचार गेली अनेक दशके समाजापुढे मांडला जात आहे. पण तो पुष्कळदा साबण आणि टूथपेस्ट यांच्या याद्यांपाशीच रेंगाळला, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. विसाव्या शतकात परकी वस्तू दुकानात दिसत असे, म्हणून तिच्यावर बोट ठेवता येई. एकविसाव्या शतकातील परावलंबन डोळ्यांना दिसत नाही. ते संदेशांच्या साच्यात, संगणकांच्या सर्व्हरमध्ये, खात्यांच्या जाळ्यात आणि आठ अक्षरांच्या संकेतांकात दडलेले असते. त्यावर मोर्चा काढता येत नाही, त्याची होळी करता येत नाही. त्यासाठी अभ्यास लागतो, तज्ज्ञांची पिढी लागते आणि फळाची घाई न करता कामाला चिकटून राहण्याची वृत्ती लागते. बँकिंग, संगणकसुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय कायदा या रुक्ष वाटणाऱ्या क्षेत्रांत बुद्धिमान तरुणांनी आयुष्य वेचणे, ही आज राष्ट्रकार्याची एक अत्यंत निकडीची शाखा आहे. शासनाने इतर राष्ट्रांच्या प्रणालींशी जोडण्या वाढवाव्यात. बँकांनी, विशेषतः सहकारी बँकांनी, संगणकसुरक्षेवरचा खर्च हा भार न मानता ठेवीदारांप्रतीचे कर्तव्य मानावे.

आणि सामान्य कुटुंबांचे काय? त्यांच्या हातीही थोडे आहे. चार पैसे अधिक मिळतात म्हणून हवालावाल्याच्या हातून पैसा आणवण्याचा मोह आखाताशी संबंध असलेल्या अनेक घरांना पडतो. तो पैसा देशाच्या हिशेबात येत नाही, आणि त्याच अंधाऱ्या वाटेने देशाच्या शत्रूंचाही पैसा चालतो. नोंदलेल्या मार्गाने आलेला प्रत्येक डॉलर देशाच्या गंगाजळीचे बळ वाढवतो, आणि कसोटीच्या काळात तीच गंगाजळी आयातीचा भार उचलते. संकेतांक नीट पडताळून देणे, अनोळखी संदेशातून आलेले खाते क्रमांक न स्वीकारणे, मधल्या शुल्काची चौकशी करणे या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण व्यवस्थेची शिस्त अशाच क्षुल्लक गोष्टींतून उभी राहते.

राजकीय स्वातंत्र्य एका मध्यरात्री जाहीर करता आले. आर्थिक स्वातंत्र्याला अशी एक मध्यरात्र नसते. ते संदेशप्रणालीच्या एकेका ओळीतून, करारांच्या एकेका कलमातून आणि जगाने विश्वासाने घेतलेल्या एकेका भारतीय वस्तूतून थोडेथोडे मिळवावे लागते. जगाच्या हमरस्त्यावरून भारताने अवश्य चालावे, ताठ मानेने चालावे. मात्र तो रस्ता अडवला गेला, तर त्या दिवशी घरी पोहोचण्याची दुसरी वाट आपल्याला ठाऊक असली पाहिजे, आणि ती आज, सर्व रस्ते उघडे असतानाच तुडवून ठेवली पाहिजे.